आण्णांची वीत

निंबशिरीच्या घाटावर पाणीपातळीची पट्टी वाचायची एक रीत होती, आणि ती कुठल्याही सरकारी कागदात लिहिलेली नव्हती. पाणी ज्या रेघेला टेकलं असेल तिथे करंगळी ठेवायची, पंजा सरळ वर ताणायचा आणि अंगठा पोचेल तो आकडा वहीत लिहायचा. नदी बेचाळीस फुटांवर असली तर वहीत बेचाळीस फूट नऊ इंच. भूपाल मगदूम, म्हणजे अख्ख्या गावाचे आण्णा, चौतीस वर्षं असंच लिहीत आले. साहेबलोक पाणी बघून घाबरत नाहीत, आकडा बघून घाबरतात. तर मग त्यांना एक वीतभर आधीच घाबरवलेलं बरं, असं त्यांचं साधं गणित होतं. आणि खरं सांगायचं तर त्या विती​ने गाव दोनदा वाचलंही होतं.

आण्णांनी ही रीत आपल्या दोन्ही मुलींना शिकवली. थोरली पद्मजा नवरा गेल्यावर लेकीला घेऊन माहेरी परतली, आणि आण्णांच्या मागे घाटावरची पट्टी तिच्याकडे आली. धाकटी त्रिशला सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या होसकट्टीला दिलेली. तिथल्या ओढ्यावरही एक पट्टी होती. मगदुमांची पोरगी म्हटल्यावर ते काम आपोआप तिच्या गळ्यात पडलं. दोघी बहिणी दोन राज्यांत बसून एकाच धरणाचं पाणी मोजत होत्या.

ते धरण सावरधोंडचं. तांबरा नदी तिथे अडवलेली आणि धरणाला दोन तोंडं. डाव्या तोंडाने पाणी नदीत सुटायचं आणि निंबशिरीच्या घाटावरून जायचं. उजवं तोंड बोगद्याचं. बोगद्यातून पाणी वीजघरात पडायचं, जनित्रं फिरवायचं, आणि मग ओढ्याला लागून होसकट्टीची शेतं भिजवत पुढे जायचं. वीज दोघांची, पाणी दोघांचं, आणि भांडणही दोघांचं. उन्हाळ्यात आमचं पाणी तुम्ही पळवलंत, पावसाळ्यात तुमचं पाणी आमच्या अंगावर सोडलंत, असं पन्नास वर्षं चाललं होतं. एका वर्षी या भांडणात दरवाजे कुणी उघडायचे हेच ठरेना आणि खालची दोन शहरं पाण्यात गेली. तेव्हा कंटाळून दोन्ही सरकारांनी एक करार केला आणि दरवाज्यांवरचे माणसांचे हात कायमचे काढून घेतले.

त्या जागी आली ‘जुळी’. जुळी म्हणजे संगणकातली नदी. खऱ्या तांबरेचं प्रत्येक वळण, प्रत्येक ओढा, मातीत मुरलेलं पाणी, ढगात अडकलेलं पाणी, सगळं तिच्यात उतरवलेलं. खरी नदी उद्या काय करणार ते ही नदी आज करून बघायची, आणि जे सगळ्यांत कमी नुकसानीचं दिसेल त्याप्रमाणे दरवाजे स्वतःच हलवायची. दरवाजे हलवताना ती राज्य बघत नसे, जात बघत नसे, आमदाराचं शेत बघत नसे. तीन वर्षांत वीज वाढली, शेवटच्या शेतालाही पाणी मिळालं, आणि चक्क भांडणं थांबली. लोकांनी तिच्या नावाने नारळ फोडायचेच काय ते बाकी ठेवलं होतं.

तिला एकच गोष्ट माणसांकडून हवी असायची. घाटावरच्या माणसाने एरवी रोज एकदा, आणि पुलाखालचं मोजणीचं यंत्र बंद पडलं तर दर पाव तासाला, टॅबवर आकडा भरायचा.

त्या जुलैत पाच दिवस पाऊस पडत होता. सहाव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला एक उपटलेलं जांभळीचं झाड वाहत आलं, पुलाला धडकलं आणि मोजणीचं यंत्र घेऊन पुढे गेलं. घाटावरच्या पत्र्याच्या खोलीत टॅब वाजू लागला. पद्मजाने छत्री टाकली, पायऱ्या उतरून पट्टीला हात लावला. पाणी बेचाळीसवर. तिने वीत धरून ४२-९ भरलं. पंचेचाळीसला खालच्या आळीत पाणी शिरतं. खालच्या आळीत एकशे बारा उंबरे, आणि त्यांतल्या चौथ्या घरात तिची लेक पूर्वा. पूर्वा बाळंतपणाला माहेरी आलेली आणि नववा महिना सरत आलेला.

आकडा गेला, आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ उमटली. एरवी यंत्र चालू असताना ती ओळ कधी दिसायचीच नाही.

‘नोंद ४२-९. दुरुस्त पातळी ४२-०.’

पद्मजाने डोळे पुसून पुन्हा वाचलं. मग तिने नियंत्रण कक्षात फोन लावला. तिथे शिंत्रे नावाचे अभियंते होते, बोलायला गोड आणि सरळ माणूस.

“साहेब, हे दुरुस्त पातळी काय प्रकरण आहे?”

“ताई, त्यात घाबरण्यासारखं काही नाही,” शिंत्रे म्हणाले. “प्रत्येक माणसाची वाचायची एक सवय असते. कुणी थोडं वर वाचतं, कुणी खाली. जुळीने पुलाचं यंत्र आणि तुमच्या नोंदी तीन वर्षं शेजारी ठेवून बघितल्या. शिवाय तुमच्या वडिलांच्या जुन्या वह्या तिला वाचायला दिल्या होत्या. तुमच्या घाटावर नेमके नऊ इंच जास्त लिहितात हे तिला कळलं. आता ती तेवढे वजा करते. एकदम अचूक!”

त्यांना जुळीचं कौतुक करायचं होतं. पद्मजा मात्र तीन वर्षं समजत होती की गाव आण्णांच्या वितीच्या आडोशाला आहे. ती वीत कधीच कापून टाकलेली होती, आणि गाव उघड्यावर बसलं होतं.

भीती माणसाला फार विचार करू देत नाही. पुढच्या नोंदीत तिने विती​वर सहा इंच चढवले. त्याच्या पुढच्या नोंदीत आणखी तीन. एकदम जास्त चढवून चालत नसे. पाव तासात सहा इंचांहून मोठा चढउतार झाला तर जुळी नोंद घ्यायचीच नाही, नदी अशी वागत नाही म्हणायची. म्हणून पायरी-पायरीने. एक वीत आण्णांची, एक तिची. आणि खरंच, घाटावरचं पाणी चढायचं थांबलं. बेचाळीस-तीनवर येऊन ते नुसतं फिरत राहिलं. पद्मजाने घरी फोन करून पूर्वाला सांगितलं, “बाळा, पडून राहा. काय होत न्हाई.”

निंबशिरीला न आलेलं पाणी कुठे गेलं, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. तो तिने बाजूला ठेवला.

एक वाजता त्रिशलाचा फोन आला. “आक्का, आमच्याकडं ओढा चढाय लागलाय गं. पस्तीस-तीन.”

“घराला कितीला लागतंय?”

“साडेछत्तीसला. आई म्हणती काय न्हाई, पण मला काय धीर धरवत न्हाई.” आई या महिन्यात त्रिशलाकडे होती.

पद्मजाने मनातल्या मनात नऊ इंच वजा केले. पस्तीस-तीनचे साडेचौतीस. दोन फूट जागा आहे अजून. “घाबरू नकोस,” ती म्हणाली, “तुमच्याकडं जागा हाय बक्कळ.” फोन ठेवला, आणि तिने तिसरी वीत चढवायला घेतली.

अडीच वाजता पुन्हा फोन. त्रिशलाचा आवाज फाटला होता. “आक्का, छत्तीस झालं. गावाचा रस्ता गेला, दोन्ही बाजूंनी. ट्रॅक्टरबी निघंना. होड्या संध्याकाळपतूर येत न्हाईत म्हणत्यात.”

छत्तीस वजा नऊ इंच, पद्मजाने केलं. सव्वापस्तीस. पण तो फाटलेला आवाज तिच्या ओळखीचा होता. लहानपणी विहिरीत पडताना त्रिशला अशीच ओरडली होती.

“आईला दे फोन.”

आईला आकडे वाचता येत नव्हते, पण होसकट्टीची जैन बस्ती ओढ्याकाठी होती आणि त्या देवळाच्या पायऱ्या तिला आपल्या बोटांसारख्या पाठ होत्या. पद्मजालाही पाठ होत्या. आण्णांनीच एकदा त्या मोजून दिल्या होत्या. नऊ पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, सगळ्यांत वरची साडेछत्तीसला. पाणी सव्वापस्तीसवर असेल तर वरच्या दोन पायऱ्या अख्ख्या कोरड्या दिसायला हव्यात.

“आई, दारात उभी ऱ्हा. बस्तीच्या पायऱ्या किती दिसत्यात?”

पलीकडे पावसाचा आवाज वाढला, आई दारात आली होती. मग आई म्हणाली, “एकच की गं.”

“नीट बघ.”

“नीटच बघालोय. एकच हाय. ती बी वली.”

त्रिशलाने फोन घेतला. पद्मजाने विचारलं, “त्रिशला, तू वीत धरतीस न्हवं?”

“कसली वीत?”

“आण्णांची!”

“ते मी कवाच सोडलं, आक्का. इथं पहिल्याच वर्षी लोक म्हणाय लागले, मगदुमांची पोरगी खोटं लिहिती. तवापासनं हाय तेवढंच लिहितो. का गं?”

जुळीने पद्मजावर जो न्याय लावला होता तोच पद्मजाने बहिणीवर लावला होता. जुळीचं तरी बरोबर आलं होतं.

तिने घाईघाईने टॅबवर खरा आकडा जुळवायला घेतला. शेवटची नोंद ४४-६ होती. तिने ४३-० भरलं, म्हणजे वीत कापून खरं उरलं असतं. टॅब वाजला. ‘नोंद अग्राह्य. उतार शक्य नाही.’ तिने ४४-० भरलं. ते चाललं. आता पाव तास थांबायचं. ४३-६. पुन्हा पाव तास. ते पाव तास तिने घाटावर उभं राहून काढले. मोजायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती वाहत येणारी झाडं मोजत राहिली.

मधल्या वेळात तिने शिंत्रेंना फोन करून सगळं सांगून टाकलं. दोन विती जास्तीच्या, चूक माझी, दरवाजे फिरवा, होसकट्टीचं पाणी थांबवा.

शिंत्रे म्हणाले, “ताई, माझ्यासमोर नुसता पडदा आहे. पुराच्या काळात दरवाज्यांना हात लावायचा असेल तर दोन्ही राज्यांच्या सचिवांनी एका वेळी किल्ली द्यायची, असा करार आहे. बैठक लावायला सांगतो. पाच-सहा तास लागतील.”

“मी आता खरं लिहिलं तर?”

“खरं लिहिलंत तर पाणी थोडं तुमच्याकडे वळेल. पण फार नाही.” त्यांचा आवाज खाली आला. “पाणी कुठेतरी सोडावंच लागणार आहे, धरण भरलंय. जुळी घरं मोजते. निंबशिरीच्या खालच्या आळीत एकशे बारा, होसकट्टीत चाळीस. खऱ्या आकड्यावरसुद्धा ती होसकट्टीच निवडेल.”

“पण त्यांचा रस्ता गेलाय! आमच्यामागं टेकडी आहे, शाळा आहे, आमची माणसं चालत वर जातील. ती चाळीस घरं कुठं जातील?”

“ती घरं मोजते, ताई. वाट मोजत नाही.”

पद्मजाने फोन बंद केला. पट्टीवर पाणी बेचाळीस-नऊ झालं होतं, आणि टॅबवर ४३-० भरायची वेळ आली होती. इथून पुढे खरं लिहायचं तर आकडा वर न्यायला हवा होता. तिने ४३-० भरलं. पाव तासाने पाणी त्रेचाळीसवर आलं, आणि तिने ४२-६ लिहिलं.

मग ४२-०. मग ४१-६.

चौतीस वर्षं आण्णांनी पाणी होतं त्याहून जास्त लिहिलं. त्यांची लेक आता पाणी वर येत असताना ते खाली जातंय असं लिहीत होती. एकच आकडा तिला दोनदा खोडावा लागला. जुळीने शंका घेतली नाही. पाणी मधे कुठेतरी शेतांत पसरत असेल, असा तिने आपला आपणच अर्थ लावला आणि डावं तोंड आणखी उघडलं. निंबशिरीला जागा होती ना!

आता गाव उठवायचं होतं, आणि पुराचा भोंगा जुळीच्या हातात. भोंगा वाजणार नव्हता. पद्मजा खालच्या आळीत धावत गेली आणि दारं बडवू लागली. लोक बाहेर आले, तिच्याकडे बघितलं, मग आपापल्या मोबाइलकडे.

“पाणी उतरालंय की,” रावसाब खोत म्हणाले. आळीतला एकमेव मोठा ट्रॅक्टर त्यांचा. “हे बघ. निंबशिरी, एकेचाळीस. बाई, पावसानं डोकं फिरलं काय तुझं?”

“ते मी लिहिलंय.”

“म्हंजे?”

“खोटं लिहिलंय, काका.” तिने टॅब पुढे धरला. “होसकट्टीचं पाणी इकडं वळवलंय मी. त्यांना निघायला वाट न्हाई. पाणी आत्ता चव्वेचाळीसवर हाय, तासाभरात तुमच्या चुलीत येतंय. मला काय म्हणायचं ते वरती जाऊन म्हणा, पण आधी निघा.”

रावसाबांनी मोबाइल खिशात टाकला. “कुणाला इचारून केलीस हे?”

“कुणालाच न्हाई.”

ते काही बोलणार, तेवढ्यात पूर्वा घरातून बाहेर आली. एका हाताने भिंत धरलेली, दुसऱ्या हातात बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांची पिशवी. तिने सगळं ऐकलं होतं. ती ट्रॉलीपाशी गेली आणि म्हणाली, “रावसाब आजोबा, मला वर चढवा.”

रावसाबांनी ट्रॅक्टर चालू केला. “भांडण मग करू,” ते म्हणाले, आणि हे त्यांनी अजिबात प्रेमाने म्हटलं नाही. कुणीतरी धावत जाऊन गावातल्या वरच्या बस्तीची घंटा वाजवू लागलं. साडेपाचला पाणी खालच्या आळीत शिरलं तेव्हा शेवटची म्हैस चढाला लागली होती. पद्मजाने चौथ्या घराकडे वळून पाहिलं. दाराशी तुळशीचं वृंदावन होतं, ते तिच्यासमोर बुडालं.

शाळा टेकडीच्या पायथ्याशी, साडेअठ्ठेचाळीस फुटांवर. आण्णांच्या आठवणीत तिथे कधी पाणी आलं नव्हतं. व्हरांड्यात साडेचारशे माणसं दाटीवाटीने बसली होती. त्यांतलं कुणी पद्मजाशी बोलत नव्हतं. ती सगळ्यांत खालच्या पायरीवर टॅब मांडीवर घेऊन बसली. आकडा तिने चाळीसवर आणून धरला होता. समोर पाणी सत्तेचाळीसच्या वर गेलं होतं आणि चढतच होतं.

तिने बोटांवर मोजलं. चाळीसवरून खऱ्यावर यायचं तर, जुळी कापते ती वीत धरून, आठ फूट. पाव तासाला सहा इंच म्हणजे चार तास. पुढे टेकडी होती, पण सरळ कड्याची, पावसाने निसरडी. रावसाबांसारखे गडी चढले असते. पूर्वा चढली नसती.

फोन वाजला.

“आक्का!” त्रिशला रडत होती की हसत होती ते कळेना. “उतरलं गं आमचं! पस्तीसवर आलं. आई देवाला दिवा लावतीया. तुमच्याकडं किती?”

“साडेसत्तेचाळीस.”

त्रिशलाने सुटकेचा श्वास सोडलेला ऐकू आला. “म्हंजे पावणेसत्तेचाळीस. वीत धरून सांगतीस न्हवं?”

“न्हाई गं,” पद्मजा म्हणाली. “वीत न्हाई त्यात.”

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या दोन विती, त्यांचं होसकट्टीवर गेलेलं पाणी, उलटे आकडे. त्रिशलाने शेवटी एवढंच विचारलं, “पूर्वा कुठं हाय?”

“शाळंत. माझ्या मागं.”

पद्मजाला वाटलं, आता बहीण फोन ठेवेल. ठेवला असता तरी तिला बोलायला तोंड नव्हतं.

“आक्का,” त्रिशला म्हणाली, “माझं यंत्र सकाळीच बंद पडलंय. माझ्या आकड्याला जुळी काय कापत न्हाई. त्या पहिल्या वर्षानंतर बारा वर्षांत एकदाबी खोटं लिहिलं न्हाई मी, म्हणून. आमच्याकडं आता दीड फूट जागा हाय.”

“त्रिशला, नको. परत वाढलं तर...”

“एक वीत मी घेतो. नऊ इंच कमी लिहितो. आधी सहा, मग तीन. तू तिकडनं चढव, मी हिकडनं उतरवतो. जुळीला वाटू दे, हिकडं लई जागा हाय.” पलीकडे तिने आईला हाक मारली. “बस्तीच्या पायरीवर आईला बसवतो मोजायला. बोगद्याचं पाणी फिराय तासभर लागंल. धरशील तासभर?”

पद्मजाने मान हलवली, जणू त्रिशलाला ती दिसणार होती.

टॅब वाजला. तिने चाळीस-सहा भरलं. मग सवयीने ती खाली वाकली, पाणी टेकलं होतं तिथे शाळेच्या दगडी पायरीवर करंगळी ठेवली आणि पंजा सरळ वर ताणला. अंगठ्याच्या वर दोन बोटं जागा, आणि तिथून व्हरांडा सुरू होत होता. मागे पूर्वा कुणाला तरी विचारत होती, आई तिथे काय करते आहे.

पाणी करंगळीवरून आलं. पद्मजाने हात काढला नाही.